व्यापारी वाऱ्यावर अटलांटिक ओलांडताना

शाळेच्या भूगोलात ज्यांना पूर्वीय वारे म्हणतात, त्या व्यापारी वाऱ्यांच्याच जिवावर शिडाची छोटी होडी कॅनरी बेटांवरून कॅरिबियनला जाते. लास पाल्मास ते सेंट लुशिया सुमारे २,७०० सागरी मैल. दिवसाला १३० मैल धरले तर २१ दिवस. वारा पाठीवर म्हणून ही वाट सोपी समजतात. मोडतोड होते तीही बहुतेक वारा पाठीवर असल्यामुळेच.

चक्रीवादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबरअखेर. नाताळ पलीकडे गाठायचा म्हणून अनेक जण नोव्हेंबर संपता संपता निघतात आणि वारा नीट बसलेला नसल्याने मध्येच रेंगाळतात. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा जानेवारी बरा. निघण्याआधी हवामानाच्या नकाशावर अझोर्स बेटांजवळचा जास्त दाबाचा पट्टा बघा. आपला ईशान्य वारा त्याच्याच दक्षिण कडेने वाहतो. तिथे कमी दाब घुसला असेल तर कॅनरीला नैर्ऋत्येचा वारा समोरून येतो. तेव्हा बंदरातच थांबा.

नकाशावर सरळ रेघ ओढू नका. आधी नैर्ऋत्येला, केप व्हर्दे बेटांच्या दिशेने उतरा आणि २० अंश उत्तर, २५ ते ३० अंश पश्चिमेच्या आसपास पश्चिमेला वळा. ‘लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला, मग पश्चिमेला’ हा खलाशांचा जुना हिशेब अजून चालतो. मैल वाढतात, पण वारा सुटत नाही. पहिल्या दिवशी मात्र सांभाळा: कॅनरी बेटांच्या मधल्या खिंडींत वारा अचानक १०-१५ नॉटने (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वाढतो आणि बेटाआड गेलात की पडतो.

आता शिडं. वारा अगदी पाठीमागून घेतला की होडी हिंदकळत राहते. तो पाठीपासून २०-२५ अंश बाजूला ठेवा. पुढचं शीड लांब पोलने बाहेर ताणा आणि पोल वरून, पुढून, मागून अशा तीन दोरांनी पक्का करा, म्हणजे झोत आला तर पोल न हलवता शीड गुंडाळता येतं. मुख्य शिडाच्या बूमला, म्हणजे त्याच्या खालच्या आडव्या दांड्याला, तो अचानक दुसऱ्या बाजूला फिरू नये म्हणून रोखदोर हवाच. तो बूमच्या टोकापासून नाळेवरच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरच्या, कप्पीतून फिरवून सुकाणूजवळ आणा. बूमच्या मध्यावर बांधला तर शीड चुकून पलटी खाताना बूम तिथेच मोडते. आणि दुसरं टोक नाळेवर बांधलं, तर रात्री तो सोडायला कुणाला तरी पुढे जावं लागतं.

खरा शत्रू घासणं. तीन आठवडे एकाच बाजूने वारा, त्यामुळे पोलच्या तोंडाशी दोर एकाच जागी झिजतो. रोज सकाळी तो वीतभर सरकवा आणि झिजलेल्या जागेवरून बोट फिरवून बघा. डोळ्यांना आतला तुटका पीळ दिसत नाही.

पाठीवरचा वारा फसवतो. २० नॉट वाऱ्यात होडी ६ नॉटने पळत असेल तर डेकवर जेमतेम १४ जाणवतो. शीड किती ठेवायचं ते खऱ्या वाऱ्यावर ठरवा आणि संध्याकाळीच एक घडी कमी करा. रात्रीचे पावसाळी झोत ३०-३५ नॉट आणतात आणि अर्ध्या तासात निघून जातात. रडारवर ते दिसतात, तरी पहारेकऱ्याने मागे बघायची सवय लावावी.

उष्ण कटिबंधात वायुभार रोज दोनदा थोडा चढतो-उतरतो. आकड्याची तुलना कालच्या त्याच वेळेच्या आकड्याशी करा; तीनहून जास्त हेक्टोपास्कल घसरला तर काहीतरी येतंय.

पाणी चौघांना माणशी रोज ३ लिटर, म्हणजे २१ दिवसांचं २५२. त्यावर एक-तृतीयांश जादा धरून ३३६ लिटर. एकाच टाकीत नको.

हाच वारा वाटेत समुद्राची वाफ उचलत जातो. कॅरिबियन बेटांच्या पूर्व उतारांवरचा पाऊस त्यातलाच. त्याचा दक्षिणेकडचा भाऊ, आग्नेय व्यापारी वारा, उन्हाळ्यात हिंदी महासागरात विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळतो आणि नैर्ऋत्य मोसमी वारा होऊन कोकणात उतरतो. पॅसिफिकमध्ये हे वारे मंदावले की पश्चिमेला साठलेलं कोमट पाणी पेरूकडे सरकतं. एल निन्यो तो हाच.

परतताना याच वाटेने येऊ नका, २,७०० मैल वारा तोंडावर घ्यावा लागेल. मे महिन्यात उत्तरेला चढा, पश्चिमी वारे पकडा आणि अझोर्समार्गे या. कोलंबसही १४९३ मध्ये असाच उत्तरेकडून परतला होता.