पहिली पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी या चुका टाळा

रामबाग असो की सुदामानगर, इंदूरच्या मराठी घरांत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचं कोणी ना कोणी असतंच. सप्टेंबर सरत आला की त्यांचा प्रश्न ठरलेला: "काका, ओपन सोर्समध्ये सुरुवात कुठून करू?" ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर, आणि त्यात आपला बदल सुचवून पाठवणं म्हणजे पुल रिक्वेस्ट. सुरुवात अवघड नाही, पण बरेच जण ती चुकीच्या टोकाकडून करतात.

आकडा वाढवण्यासाठी पुल रिक्वेस्ट

हॅक्टोबरफेस्ट हा ओपन सोर्समधल्या योगदानाला प्रोत्साहन देणारा उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरमध्ये होतो. २०२० साली बक्षिसाच्या टी-शर्टच्या आशेने लोकांनी निरर्थक बदलांचा इतका मारा केला की आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून सहभाग नोंदवला आहे, त्यांच्यातलंच काम मोजायचं. २०२४ मध्ये एक्सप्रेस या प्रकल्पावर तसाच प्रसंग आला. शिकवणीच्या एका व्हिडिओत उदाहरण म्हणून दाखवलेलं पाहून अनेकांनी त्याच्या रीडमी, म्हणजे प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या, फाइलमध्ये आपापली नावं घालून पाठवली.

प्रत्येक पुल रिक्वेस्ट कुणातरी माणसासमोर जाऊन पडते. तो मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, बहुतेकदा नोकरी सांभाळून, विनामोबदला हे काम करत असतो. त्याची दहा मिनिटं मागण्याइतकं आपल्या बदलात काही आहे का, हे आधी स्वतःला विचारा. एआयकडून लिहून घेतलेला, आपल्यालाच न समजलेला कोड या कसोटीवर टिकत नाही. जेंटू या लिनक्स वितरणाने तर २०२४ मध्ये एआयच्या मदतीने केलेलं योगदान घेणंच बंद केलं.

कधी न वापरलेला प्रकल्प निवडणं

नवख्यांसाठीच्या सोप्या कामांवरचं 'गुड फर्स्ट इश्यू' हे लेबल शोधून अनोळखी प्रकल्पात शिरायचं आणि खाली "मला असाइन करा" एवढंच लिहून निघून जायचं, असं करू नका. रोज वापरता त्या सॉफ्टवेअरपासून सुरुवात करा. तिथे काय खटकतं, ते तुम्हाला आधीच माहीत असतं.

इथे इंदूरच्या मराठी मुलांकडे एक खास बळ आहे. हिंदी आणि मराठी दोन्ही लिपीवळणं आपण रोज पाहतो. काही फॉन्टमध्ये मराठी 'ल' आणि 'श' यांचे वेगळे आकार असतात, पण पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवलेली नसेल तर ते दिसत नाहीत. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्या' तुटलेला दिसणं, शोधताना तो शब्दच न सापडणं, हे पुण्याइतकंच आपल्यालाही कळतं. असा दोष नीट नोंदवणं हेही योगदानच आहे. लिबरऑफिसचं भाषांतर वेबलेट या आणि फायरफॉक्सचं पाँटून या भाषांतराच्या संकेतस्थळावर चालतं. दोन्हीकडे मराठी आहे. फक्त हिंदी वाक्याला मराठी प्रत्यय लावून मोकळे होऊ नका, आणि टक्क्याच्या चिन्हाने किंवा महिरपी कंसाने दाखवलेल्या राखीव जागांना (जिथे प्रोग्राम नंतर नाव किंवा आकडा भरतो) हात लावू नका. त्या बिघडल्या तर प्रोग्राम चुकीचं दाखवतो, कधी बंदही पडतो.

गिट अडतं तिथे

गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, आणि गिटहब म्हणजे असे प्रकल्प ठेवण्याचं संकेतस्थळ. पुश करताना (बदल तिकडे पाठवताना) परवानगी नाकारली, तर बहुधा तुम्ही मूळ रेपोच (प्रकल्पाचा साठा) क्लोन केली, म्हणजे आपल्या संगणकावर उतरवली, आहे. आधी फोर्क करा (गिटहबवर स्वतःची प्रत बनवा), तो फोर्क क्लोन करा आणि मूळ रेपोला 'अपस्ट्रीम' नावाने जोडा. पासवर्ड बरोबर असूनही गिटहब तो घेत नाही? १३ ऑगस्ट २०२१ पासून कमांड लाइनवर खात्याचा पासवर्ड चालत नाही. टोकन (पासवर्डऐवजी चालणारा संकेत) बनवा किंवा ओळख पटवणारी एसएसएच की लावा.

मेन, म्हणजे मुख्य, शाखेवरच काम करण्याची चूक पहिल्या वेळी कळत नाही. ती दुसऱ्या वेळी नडते, कारण नव्या पुल रिक्वेस्टमध्ये जुने कमिटही (आधी नोंदवलेले बदलही) घुसतात. म्हणून दर कामाला अपस्ट्रीमच्या ताज्या मेनवरून नवी शाखा काढा.

दोन ओळी बदलल्या आणि अख्खी फाइल लाल-हिरवी (काढलेली-घातलेली) दिसतेय, ही तक्रार विंडोजवाल्यांची फार असते. ओळीच्या शेवटाची खूण विंडोजवर वेगळी असते, त्यामुळे प्रत्येक ओळ बदलल्यासारखी वाटते. कधी एडिटरच सेव्ह करताना सगळी फाइल नव्याने मांडतो. ती सोय त्या प्रकल्पापुरती बंद करा. कमिटआधी डिफ (बदललेल्या ओळींची यादी) ओळीओळीने वाचायची सवय लावलीत, तर यातलं बरंच काही घरातच सापडतं.

कमिटवर तुमचं नाव-फोटो येत नसेल, तर गिटमधला ईमेल आणि गिटहब खात्यातला ईमेल जुळवा. 'डीसीओ' (हे काम पाठवण्याचा हक्क आपल्याला आहे, या ग्वाहीची) तपासणी लाल झाली, तर कमिटमध्ये साइन-ऑफची ओळ राहिली आहे. आणि नवख्याच्या पुल रिक्वेस्टवर आपोआप चालणाऱ्या तपासण्या मेंटेनरच्या मंजुरीसाठी थांबलेल्या दिसल्या, तर घाबरू नका, तो तुमचा दोष नाही.

विचारताना आणि थांबताना

स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो टाकू नका. एररचा मजकूर, आवृत्ती आणि आतापर्यंत काय करून पाहिलंत, हे लिहा. खासगी मेसेज नको, त्या इश्यूखालीच (दोषाच्या किंवा कामाच्या नोंदीखालीच) विचारा म्हणजे पुढच्यालाही उत्तर मिळेल. आठवडाभर उत्तर नाही आलं, तर एकदा नम्रपणे आठवण करा. लगेच दुसरी पुल रिक्वेस्ट उघडू नका.

बदल सुचवले गेले, तर त्याच शाखेवर पुश करा. पुल रिक्वेस्ट आपोआप अद्ययावत होते. सूचना पटली नाही, तर कारण विचारा. पुल रिक्वेस्ट बंद झाली, तरी शेवटची टिप्पणी वाचा: बहुतेकदा पुढच्या कामाचा धागा तिथेच दिलेला असतो.