अमेरिका-चीन संबंधांचा कालपट भिंतीवर कसा लावावा

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या तालमीच्या माडीवरची अभ्यासिका असो की राजारामपुरीतल्या गल्लीतली, आंतरराष्ट्रीय संबंध करताना मुलं एकाच जागी अडकतात. सनावळ्या पाठ असतात, पण अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ ला बीजिंगला जाऊन आले तर वकिलाती उघडायला १९७९ का उजाडलं, हे सांगता येत नाही. भिंतीवर मापात आखलेला कालपट असेल, तर मधली मोकळी जागा रोज दिसते आणि प्रश्न आपसूक पडतो.

सामान फार लागत नाही. २२ बाय २८ इंचांच्या पाच जाड कार्डशीट घ्या आणि प्रत्येक लांबीत मधोमध कापा. ७१ सेंमी लांब, २८ सेंमी उंच अशा दहा पट्ट्या मिळतील. त्यातल्या नऊ एकमेकींवर सेंटिमीटरभर चढवून जोडा, दहावी बाजूला ठेवा. भिंतीला खळीनं किंवा फेव्हिकॉलनं चिकटवू नका. जुलै-ऑगस्टात कोल्हापुरातल्या जुन्या भिंतींना ओल धरते, कागद फुगतो आणि टोकं सुटतात. नायलॉनची दोरी ताणून कपड्यांच्या चिमट्यांनी पट्ट्या टांगा, मागे बोटभर हवा राहू द्या. स्केचपेनची शाई दमट हवेत फुटते, म्हणून बॉलपेन किंवा पक्का मार्कर वापरा.

आता माप. ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे अमेरिकी व्यापारी जहाज कॅन्टनला पोचलं ते १७८४ साल. तिथून १९४८ पर्यंत वर्षाला १ सेंमी, म्हणजे १६५ सेंमी. १९४९ ते २०२५ वर्षाला ६ सेंमी, म्हणजे ४६२ सेंमी. भिंत जेमतेम एकवीस फूट लागते. तेवढी नसेल तर १९४९ ला कोपरा वळवा, तिथे इतिहासही वळतोच. माप बदलतं त्या जागी जाड उभी रेघ मारून दोन्ही मापं लिहून ठेवा. हे राहिलं तर १८४४ चा वांगशिया तह (अमेरिका-चीनमधला पहिला तह) आणि १८८२ चा चिनी मजुरांना बंदी घालणारा अमेरिकी कायदा लागोपाठ घडल्यासारखे वाटतात.

पट्टीच्या उंचीत सात-सात सेंमीच्या चार ओळी आखा: वॉशिंग्टन, बीजिंग, तैपेई, दिल्ली. बहुतेक तक्त्यांत तैपेईची, म्हणजे तैवानच्या राजधानीची, ओळच नसते आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. १ ऑक्टोबर १९४९ ला कम्युनिस्ट नेते माओंनी बीजिंगला चीनचं जनता प्रजासत्ताक जाहीर केलं, पण चीनचं सरकार म्हणून अमेरिकेची मान्यता १९७८ संपेपर्यंत यादवीत हरून तैवानला गेलेल्या, तैपेईच्याच सरकारला होती. ती जाड रेघेनं दाखवा. २ डिसेंबर १९५४ चा अमेरिका-तैवान संरक्षण करार त्याच ओळीत येतो. वर्षभराची नोटीस देऊन तो १ जानेवारी १९८० ला संपवला गेला. ही रेघ डोळ्यांसमोर असली की सात वर्षांच्या खोळंब्याचं मोठं कारण कळतं: तैवानचं काय करायचं हे ठरत नव्हतं. त्यातच निक्सन यांनी ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनामा दिला आणि सप्टेंबर १९७६ मध्ये माओ गेले. १९७३ ला दोन्ही राजधान्यांत उघडली ती संपर्क कार्यालयं, तिथे ‘दूतावास’ लिहू नका.

बाजूला ठेवलेली दहावी पट्टी आता घ्या. १९७१ आणि १९७२ मुख्य पटावर १२ सेंमीत मावत नाहीत, म्हणून त्यांना महिन्याला अडीच सेंमी द्या आणि पट्टी खाली टांगा. १० एप्रिलला टेबल टेनिसचा अमेरिकी संघ चीनमध्ये, ९ जुलैला निक्सन यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला, १५ जुलैला निक्सन यांची चीनला जाण्याची घोषणा, २५ ऑक्टोबरला चीनची जागा तैपेईकडून काढून बीजिंगला देणारा संयुक्त राष्ट्रांचा ठराव २७५८ (७६ विरुद्ध ३५, तटस्थ १७), पुढच्या वर्षी २१ ते २८ फेब्रुवारी निक्सन यांचा दौरा. दिल्लीच्या ओळीत ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार येतो. किसिंजर यांच्या भेटीपासून त्याच्याकडे बाण ओढायचा मोह होईल. ओढायचाच तर तुटक रेघेचा ओढा. त्या भेटीनं घाई झाली असं म्हणता येतं, पण कराराची बोलणी १९६९ पासून चालू होती.

सगळ्यात जास्त वेळ शब्दांना द्या. निक्सन यांच्या दौऱ्याअखेरच्या, १९७२ च्या शांघाय संयुक्त निवेदनात अमेरिकेनं तैवानबाबत ‘ॲक्नॉलेज’ हे क्रियापद वापरलं: तैवानच्या सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवरचे चिनी लोक चीन एकच आहे असं मानतात, याची दखल घेतली. मराठी टिपणांत याचं सर्रास ‘मान्यता दिली’ होतं, आणि ते चूक आहे. मान्यता, म्हणजे ‘रेकग्नाइज’, १ जानेवारी १९७९ च्या निवेदनानं दिली ती बीजिंग सरकार हेच चीनचं एकमेव कायदेशीर सरकार आहे याला. तैवानबाबत तेव्हाही ‘ॲक्नॉलेज’च होतं. चिनी मसुद्यात मात्र १९७२ चा ‘रन्श दाओ’ (जाणीव असणे) जाऊन १९७९ ला त्याहून ठाम ‘छंगरन’ (मान्य करणे) आला. अमेरिका आपला इंग्रजी मसुदाच धरून चालते. दोन्ही निवेदनांची ती वाक्यं मूळ इंग्रजीत वेगळ्या कार्डांवर शब्दशः उतरवा आणि मराठी अर्थ खाली वेगळ्या रंगात लिहा.

तारखा लिहिताना जागाही लिहा. संबंध जोडण्याची घोषणा वॉशिंग्टनला १५ डिसेंबर १९७८ ची, बीजिंगला १६ ची. दोन्ही बरोबर आहेत. जुन्या मराठी अंकांत शोधाशोध करणार असाल, तर बीजिंग ‘पेकिंग’ या नावानं बघा.