घरच्यांचा देव आपल्याला पटत नसला तर घरात कसं वागायचं

बारावीत असताना मला कळलं की आरतीला हात जोडतो पण आत काहीच होत नाही, अन् घर तर असं की वडलांच्या गळ्यात तुळशीची माळ, आजीकडं तुळजाभवानीची परडी, गावात दरवर्षी सप्ताह. तीन-चार वर्षं कोणालाच बोललो नाही, नुसता घुसमटलो. आत्ता ज्यांचं असं चाललंय त्यांच्यासाठी लिहायलोय.

आधी वहीत लिहून काढा की नेमकं काय पटत नाही. देव आहे का हीच शंका आहे, का देव चालतो पण नवस अन् अंगात येणं पटत नाही, का पंगतीत कोणालातरी वेगळं बसवतात ते खटकतं? ह्या तिन्ही गोष्टी डोक्यात एकत्र कालवलेल्या असतात. माझं अर्ध्याहून जास्त भांडण पंगतीशी होतं, हे लिहिल्यावरच समजलं. अन् ते वारकरी घरात हक्कानं बोलता येतं, कारण पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचा स्वयंपाक अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्यांना आधी वाढला ही गोष्ट वडलांनीच आपल्याला लहानपणी सांगितलेली असते. गंगाखेडची जनाबाई तर अभंगात विठोबाला शिव्या घालते. पण देवच पटत नसेल तर संतांच्या आडून बोलू नका, घरच्यांना ते लगेच कळतं अन् जास्त लागतं.

सांगायचं एकालाच, अन् नवरात्रात तर नाहीच, तेव्हा आईचे नऊ दिवसांचे उपास असतात, जीव आधीच थकलेला. मी मावशीला सांगितलं, कापूस वेचताना, हात कामात असले की तोंड मोकळं होतं. "देव नाही" म्हणू नका, खरंच तसं वाटत नसेल तर. "मला अजून कळंना" एवढं पुरतं. शिक्षणाचा खर्च घरचे करत असतील अन् वडील लय तापट असतील तर कमवायला लागेपर्यंत गप बसा, त्यात खोटेपणा काही नाही.

उपास धरायचा नसेल तर आदल्या रात्रीच सांगा, नाहीतर आई तुमच्या वाटणीची भगर टाकून बसते. सप्ताहात मात्र वाढायला जाच, पाणी भरा, भांडी घासा, ते काम माणसांचं असतं. मी आजीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तू नको मानूस लेकरा, पण मला तुळजापूरला नेशील ना?" नेतो दरवर्षी.

हक्काचंही माहीत असू द्या. राज्यघटनेच्या कलम 25 मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे. अन् कोणी "बाहेरचं लागलंय" म्हणून तुम्हाला बाबाकडं नेऊन मारझोड करायला लागलं तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे, 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा, सरळ पोलिसांत जा. वारी-कीर्तनाला हा कायदा हात लावत नाही, हे वडलांना नीट समजावून सांगा, बऱ्याच जणांचा तिथंच गैरसमज असतो.

अन् लग्न जमवताना समोरच्याला आधी बोला, कारण नंतर देवीचा गोंधळ अन् जोडीनं तुळजापूर ठरलेलंच असतं. मी हे मांडव पडल्यावर सांगितलं, ती रात्रभर रडली, ते मला अजून बोचतं.