फुकट वायफायचं बिल जाहिरातीतून काढायचंय? मग असं करा

इंदूरला भंवरकुआजवळ आमचं झेरॉक्सचं दुकान. आजूबाजूला कोचिंग, अभ्यासिका, मेस. त्यामुळे शेजारचे दुकानदार विचारत असतात, "काका, पोरांना वायफाय फुकट दिलं आणि जाहिराती लावल्या तर बिल निघेल ना?" निघेल, पण तुमच्या डोक्यातल्या जाहिरातींतून नाही.

आधी हिशोब मांडा. समजा दिवसाला ६० पोरं लॉगिन करतात, म्हणजे महिन्याला १,८०० वेळा पान दिसलं. हजार वेळा दिसल्याचे ५० रुपये धरले तर हातात ९० रुपये. तेवढ्यात आमच्याकडे दोघांचा पोहे-जलेबीचा नाश्ता होतो, बिल नाही भरलं जात. शिवाय अशा जाहिरातीला जागा एकच, लॉगिनचं पान. ओटीपी टाकला की पोरगं यूट्यूबवर, आणि तिथली कमाई तुमची नाही. नेटझिरोनं १९९८ साली अमेरिकेत स्क्रीनवर कायमची जाहिरातपट्टी ठेवून इंटरनेट फुकट दिलं. पुढे त्यांनाही तासांची मर्यादा घालावी लागली. गूगलनं रेल्वेच्या रेलटेल कंपनीबरोबर ४०० हून जास्त स्टेशनांवर वायफाय दिलं आणि २०२० मध्ये ते आवरतं घ्यायचं ठरवलं. मोबाईल डेटा स्वस्त झाला होता.

म्हणून 'किती वेळा दिसली' हे विकू नका, महिना विका. तोही एकाच शेजाऱ्याला. मेसवाला सगळ्यात बरा, कारण त्याचं गिऱ्हाईक तेच पोरगं असतं. तो विचारणारच, "दिखेगा कहाँ, भिया?" तेव्हा बोलत बसू नका. त्याच्याच मोबाईलवर वायफाय लावा आणि ओटीपीच्या चौकटीवर त्याच्या थाळीचा फोटो, भाव, रस्ता दाखवा. खाली लिहा: 'हे पान दाखवा, एक पोळी जास्त'. किती पोळ्या गेल्या ते त्याचा तोच गल्ल्यावर मोजतो, तुम्हाला पटवावं लागत नाही.

आणखी एक जागा लोक विसरतात: वायफायचं नाव. लॉगिन न करणाऱ्यालाही यादीत ते दिसतं. ते वेगळ्या भाड्यानं द्या. पैसे आगाऊ घ्या. नाही आले तर नाव बदलायला दोन मिनिटं लागतात. नव्या बॅचा सुरू होताना भाव चढा ठेवा, दिवाळीत पोरं गावी जातात तेव्हा ताणू नका.

घरचं कनेक्शन मात्र वाटू नका. त्यासाठी सरकारची सार्वजनिक वायफायची पीएम-वाणी योजना आहे, ती डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिच्यात दुकानदाराला लायसन्स लागत नाही, नोंदणी फीही नाही. ज्या एग्रीगेटर कंपनीशी जोडून घ्याल ती लॉगिन आणि नोंदी सांभाळते. तुमची जाहिरात त्या पानावर कुठे बसेल, हे तिला आधीच विचारून घ्या. ट्राय म्हणजे दूरसंचार नियामक, त्याच्या २०२५ च्या आदेशानुसार २०० एमबीपीएसपर्यंतचं कनेक्शन अशा दुकानाला घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येत नाही. हिशोबात दुप्पटच धरा.

कोचिंगवाले जाहिरात नको म्हणतील, पोरांचे नंबर मागतील. भाव चांगला देतात. तरी देऊ नका. पोरांनी नंबर ओटीपीसाठी दिलाय.

एवढं करूनही बिलाला थोडं कमी पडलं, तर पहिला अर्धा तास फुकट ठेवा आणि पुढे पाच-दहा रुपयांचा पॅक लावा. रेलटेलनंही स्टेशनांवर पुढे तेच केलं.