'सार्वभौमत्व' या शब्दाने माझे वर्ष खाल्ले

न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे माओरींच्या, हक्कांचा अभ्यास करण्यासाठी मी साताऱ्याहून तिथल्या वेलिंग्टनला आले, तेव्हा निम्मा विषय आपल्याला घरूनच येतो, अशी माझी समजूत होती. इंग्रजांनी केलेले तह, त्यांनी मोडलेली वचने आणि १८४८ साली खालसा झालेले आमचे राज्य यांविषयी मी शाळेपासून ऐकत आले होते. हीच समजूत मला वर्षभर भोवली. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांना ती भोवू नये, म्हणून हे लिहिते आहे.

इंग्लंडची राणी आणि माओरी प्रमुख यांच्यात झालेल्या वाइतांगीच्या तहाची ओळख तुम्हाला असेलच. ६ फेब्रुवारी १८४० रोजी त्यावर सह्या सुरू झाल्या, त्याचा मजकूर इंग्रजी आणि माओरी अशा दोन भाषांत होता आणि दोन्हींचा अर्थ जुळत नाही, हे मलाही ठाऊक होते. तरीही पहिल्या निबंधात मी लिहिले, की पहिल्या कलमाने माओरींनी सार्वभौमत्व राणीला दिले आणि दुसऱ्या कलमाने जमिनींची मालकी स्वतःकडे राखली. पुढे १८०२ च्या वसईच्या तहाशी तुलना करणारा लांबलचक परिच्छेद जोडला होता, आणि त्याचा मला फार अभिमान होता. मार्गदर्शक बाईंनी निबंध परत केला, तेव्हा समासात शिसपेन्सिलीने एवढेच लिहिले होते: "हा शब्द कोणाचा?"

तो शब्द इंग्रजी मजकुराचा होता. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण माझे पाऊल नेमके इथेच घसरले. माओरी मजकुराच्या पहिल्या कलमात राणीला दिली आहे ती 'कावानातांगा'. आपल्या जुन्या कागदांत जनरलचा 'जनराल' झाला, तसा माओरीत गव्हर्नरचा 'कावाना' झाला आणि त्याला प्रत्यय लागून हा शब्द घडला. माओरी बायबलात 'कावाना' हे पिलाताचे पद आहे. मराठी बायबलात हाच पिलात 'सुभेदार' आहे. म्हणजे आपल्या भाषेत उतरवायचे तर पहिल्या कलमाने सुभेदारी दिली, असे म्हणावे लागेल, आणि सुभेदाराने राज्य घेतले असे आपण एरवी म्हणत नाही. दुसऱ्या कलमात मात्र राणीने जमिनी, वस्त्या आणि मोलाच्या सर्व गोष्टी यांवरील 'तिनो रांगातिरातांगा' मान्य केली आहे. रांगातिरा म्हणजे टोळीचा प्रमुख; त्याची पूर्ण, कोणाच्या ताब्यात नसलेली सत्ता, असा त्या शब्दाचा रोख आहे. माओरी प्रमुखांच्या १८३५ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्वोच्च सत्तेसाठी 'माना' हा शब्द वापरला होता. तहाच्या पहिल्या कलमात तो नाही. पाचशेहून अधिक प्रमुखांनी तहावर खुणा केल्या, त्यांपैकी इंग्रजी प्रतीवर फक्त ३९ आहेत. मी मात्र त्या ३९ जणांचा कागद सर्वांचा मानून बसले होते.

तहभंगाच्या तक्रारी तपासणाऱ्या वाइतांगी न्यायाधिकरणाने २०१४ साली उत्तरेकडील टोळ्यांच्या दाव्यावर स्पष्ट निष्कर्ष दिला, की फेब्रुवारी १८४० मध्ये सह्या करणाऱ्या तिथल्या प्रमुखांनी सार्वभौमत्व सोडले नव्हते. हे वाचून मी हुरळले आणि आता प्रश्न सुटला, असे लिहून पुन्हा आपटले. न्यायाधिकरणाच्या बहुतेक शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, आणि तहाच्या आधारे थेट कोर्टात जायचे, तर तो आधी एखाद्या कायद्यात आलेला असावा लागतो. १८७७ साली तर एका न्यायाधीशाने हा तह निव्वळ शून्यवत ठरवला होता.

दुसरी अडचण आपल्या मराठीतच दडलेली आहे. इंग्रजांच्या राज्याला आपण सरसकट 'वसाहतवाद' म्हणतो. पण आपल्याकडे त्यांनी कारभार केला, वसाहत फारशी केली नाही, आणि १९४७ साली ते निघून गेले. न्यूझीलंडमध्ये १८४० साली सुमारे दोन हजार गोरे होते. वीस वर्षांच्या आत ते माओरींपेक्षा अधिक झाले. १८६३ च्या कायद्याने जमिनी जप्त झाल्या आणि गोऱ्यांना वसण्यासाठी दिल्या गेल्या. इथे कोणी बोटीत बसून परत जाणार नाही, त्यामुळे न्यायाचा प्रश्न एकाच भूमीवर दोन सत्तांनी कसे नांदावे, असा उभा राहतो. तुमचा व्हिसाही त्या दोहोंपैकी एकाच सत्तेने दिलेला आहे, हे विसरू नका.

आडवाटांविषयी माझे मत कडवट आहे. न्यायाधिकरणाच्या अहवालांचे तयार सारांश वाचून लिहू नका. सारांश बहुधा इंग्रजी शब्दांतच विचार करतो आणि तुम्हाला पुन्हा त्याच खड्ड्यात नेऊन सोडतो. पहिल्याच मसुद्यावर शाबासकी देणाऱ्या मार्गदर्शकापासून सावध राहा. माझ्या दुसऱ्या मार्गदर्शकांनी, त्यांचे नाव सांगत नाही, वसईचा तो परिच्छेद फार आवडल्याचे कळवले होते आणि त्या कौतुकापायी मी तो आणखी चार महिने सांभाळला. भाषणापूर्वी म्हणायचे दोन पाठ केलेले माओरी नमस्कार म्हणजे अभ्यास नव्हे. त्यापेक्षा संध्याकाळचा भाषेचा वर्ग लावा, मग सिद्धांत वाचा. घाबरू मात्र नका. अनुवादात सत्ता कशी निसटते, हे दोन-तीन भाषांत वाढलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. फक्त ते ज्ञान वापरायचे सुचावे लागते.

राष्ट्रीय ग्रंथालयात तहाचे मूळ कागद मंद उजेडाच्या खोलीत ठेवले आहेत. एका कागदाच्या कडा उंदरांनी कुरतडलेल्या आहेत आणि काही प्रमुखांनी सहीऐवजी आपल्या चेहऱ्यावरच्या गोंदणाची रेषा काढलेली आहे. छापील प्रत हातात धरून मी दुसरे कलम पुटपुटत होते, तेव्हा शेजारच्या एका वृद्ध माओरी बाईंनी मला थांबवले. त्या शब्दांत 'ग' नाहीच, त्या म्हणाल्या, आणि नाकातून तो उच्चार दोनदा करून दाखवला. वर मी सोयीसाठी 'ग' लिहिला आहे. खरा ध्वनी वाङ्मयातल्या 'ङ'चा आहे, आणि तो मला साताऱ्यात असल्यापासून येत होता.