सॉफ्टवेअर बदलायचंय? आधी ऑफिसातली सगळ्यात घाण फाइल काढा

आमचं लँडस्केपचं ऑफिस गोव्यात पर्वरीला, माणसं सहा, त्यातली दोन कायम साइटवर. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर बदलायचं ठरवलं तेव्हा नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. डेमो सगळ्यांचेच छान असतात हो, पण डेमोतल्या बागेत सर्व्हेवाल्याची फाइल नसते, डोंगरउतार नसतो आणि चार वेळा मत बदललेला क्लायंटही नसतो. म्हणून आम्ही जे केलं आणि जिथे आपटलो ते लिहितेय.

कारण पैसेच. २०१६ पासून ऑटोकॅडचं, म्हणजे आमच्या जुन्या सॉफ्टवेअरचं, नवीन कायमचं लायसन मिळायचं बंद झालं, आता भाड्यानेच, म्हणजे काम थंड असलं तरी दरवर्षी प्रत्येक सीटचं, म्हणजे वापरणाऱ्या माणसागणिक, बिल येणारच. पर्याय साधारण दोन जातीचे आहेत. एक ब्रिक्सकॅड, झेडडब्ल्यूकॅड असले, ज्यांची फाइल ऑटोकॅडसारखी डीडब्ल्यूजीच आणि कमांडही बऱ्याचशा त्याच, आणि एकदाच पैसे भरून घ्यायची सोयही असते (घेताना नीट विचारून घ्या, अपडेट त्यात धरलेत का तेही). दुसरी जात म्हणजे व्हेक्टरवर्क्स लँडमार्क, ज्यात झाड म्हणजे नुसतं वर्तुळ नसतं, त्याला नाव, उंची, घेर सगळं चिकटलेलं असतं. नवीन ऑफिस थाटत असाल तर मला तेच आवडेल. पण आमच्याकडे आर्किटेक्ट, सर्व्हेयर, प्लंबिंगवाला सगळे डीडब्ल्यूजी पाठवणार आणि डीडब्ल्यूजीच मागणार, दर वेळी इंपोर्ट-एक्स्पोर्ट करत बसायला माणूस कुठून आणायचा, म्हणून आम्ही पहिल्या जातीतलं घेतलं. कुठलं ते सांगत नाही, नाहीतर न तपासता तेच घ्याल.

तपासायचं कसं, तर ट्रायल मिळाली की नवीन ड्रॉइंग काढत बसू नका. ट्रायलचे दिवस मोजके असतात. ऑफिसातली सगळ्यात घाण फाइल काढा, पाच एक्सरेफवाली (म्हणजे आत दुसऱ्या पाच फायली जोडलेली), कुणीतरी मध्येच इंचात काढलेली, आणि त्याच कामाचं जुनं, साइटवर गेलेलं प्रिंट शोधा. ती फाइल नव्यात उघडून त्याच स्केलला प्रिंट मारा आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. आमच्या पहिल्या प्रिंटात कॉन्टूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, कुंपणाच्या भिंतीएवढे जाड आले होते कारण प्रिंटमध्ये रेघांची जाडी ठरवणारी सीटीबी फाइल न्यायची राहिली होती, आणि भरतीरेषेची तुटक रेघ सरळ सलग आली. जुनं चालू आहे तोवर ईट्रान्स्मिट मारून ठेवा म्हणजे एक्सरेफ, फॉन्ट, प्लॉट स्टाइल सगळं एका फोल्डरात येतं, आणि त्याआधी ऑडिट (फाइलमधल्या चुका दुरुस्त करायला) आणि पर्ज (न वापरलेलं काढून टाकायला). घाण घेऊन नव्या घरात जायचं नाही.

मराठी मजकूर असेल तर तो आधी बघा. माळी लोकांना वाचता यावी म्हणून आम्ही झाडांची यादी मराठीत पण देतो, ती कुणीतरी जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप केलेली, नव्या मशीनवर उघडली तर नुसते कंस आणि टक्के. ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, कन्व्हर्टरने नाही जमलं तर परत टाइप करा. एक दुपार जाते, जाऊ दे.

आता सर्व्हे. गोवा यूटीएमच्या (नकाशावर जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) ४३ उत्तर झोनमध्ये येतो, त्यामुळे सर्व्हेयरची फाइल मीटरमध्ये असते आणि तिचा उत्तरेचा आकडा १७ लाखांच्या आसपास. आम्ही काम करतो मिलिमीटरमध्ये, म्हणजे हजारपट, तोच आकडा १७० कोटी होतो. मूळ बिंदूपासून एवढं लांब गेलं की थ्रीडीत गणित डळमळतं, आमची माडांची वर्तुळं शंकरपाळ्यासारखी टोकदार दिसायला लागली आणि दोन दिवस आम्ही ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत बसलो. मूळ सर्व्हे आहे तसाच राहू द्या, त्याची एक कॉपी शून्याजवळ आणा, किती सरकवली तो आकडा टायटल ब्लॉकमध्ये लिहा, आणि एका ओळखीच्या भिंतीची लांबी मोजून युनिट बरोबर आल्याची खात्री करा.

पण सगळ्यात जास्त घाम फुटला तो उताराने. आपल्याकडे २५ टक्क्यांच्या वर उतार असेल तर रिजनल प्लॅन २०२१ प्रमाणे तो भाग बांधकामाला बंद, आणि डोंगर कापायचा तर टीसीपी (टाउन अँड कंट्री प्लॅनिंग) कायद्याच्या १७-ए ची परवानगी लागते, त्यामुळे आमच्या प्रत्येक प्लॅनवर उताराचा रंगीत नकाशा असतो. नव्यात मी तोच नकाशा काढला, मर्यादा २५ टाकली आणि बघते तर जवळपास अख्खा प्लॉट हिरवागार. क्लायंट खूश झाला असता. आमचे ड्राफ्ट्समन काका मागे उभे होते, म्हणाले, "मॅडम, ह्या चढावर मी छत्री धरून घसरलोय, हा हिरवा कसा?" सेटिंग अंशात होतं. २५ अंश म्हणजे जवळजवळ ४७ टक्के, आणि २५ टक्के म्हणजे जेमतेम १४ अंश, चार मीटर चालल्यावर एक मीटर चढ. तेव्हापासून नकाशाच्या कोपऱ्यात "उतार टक्क्यांत" असं छापलेलं असतं, आणि एक चढ आम्ही हाताने मोजून पडताळतो.

झाडांच्या यादीतही असंच. १२० चौरस मीटरचा अबोलीचा वाफा, रोपं २५ सेंटिमीटरवर. आमच्या जुन्या एक्सेलमध्ये चौकोनी लावणी धरलेली, चौरस मीटरला १६, म्हणजे १,९२० रोपं. नव्या टूलमध्ये त्रिकोणी लावणी होती, मीटरला साडेअठराच्या जवळ, एकूण २,२१७. चुकीचं दोन्हीही नाही, पण नर्सरीला आधी एक आकडा गेला आणि मागून दुसरा. यादीवर लावणीचा प्रकार लिहा, विषय संपला. आणि ब्लॉक लायब्ररी, म्हणजे झाडांच्या तयार चित्रांचा साठा, न्यायच्या आधी नावं एक करा. मट्टी, आपला राज्यवृक्ष, काही फायलींत टर्मिनालिया टोमेंटोसा होता आणि काहींत एलिप्टिका, झाड एकच, यादीत ओळी दोन. बकुळ आणि ओवळ तर वेगळी झाडं म्हणून मोजली गेली होती! डायनॅमिक ब्लॉक, म्हणजे आकार बदलता येणारी तयार चित्रं, असतील तर एकेक ताणून, फिरवून बघा, दिसतात सगळे पण हलतात सगळेच असं नाही. ऑफिसात कुणी लिस्प, म्हणजे कमांड आपोआप चालवणारे छोटे प्रोग्राम, लिहून ठेवलेले असतील तर तेही एकेक चालवून बघा. ऑटोकॅडचं स्वस्तातलं एलटी घ्यायचा विचार असेल तर त्यात लिस्प २०२४ च्या व्हर्जनपासूनच चालतं.

माणसांचं काय? पोरं आठवड्यात शिकली. काका पंचवीस वर्षं कीबोर्डकडे न बघता कमांड मारणारे, पहिले तीन दिवस ते बोललेच नाहीत, मग म्हणाले "दुसऱ्याच्या चपला घालून कुळागरात उतरल्यासारखं वाटतंय." त्यांचे शॉर्टकट पीजीपी फाइलमध्ये असतात, ते तेवढे नव्यात आणून दिले तर दुपारपर्यंत गाडी रुळावर. हे मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

कधी बदलायचं हेही बघा. एप्रिल-मे नको, पावसाआधी उरकायची सगळ्यांची घाई असते. ऑक्टोबर तर नकोच, हॉटेलवाल्यांना सीझनच्या आत लॉन हिरवं हवं असतं. आम्ही जुलैत सुरू केलं, लावणी साइटवर चालू असते पण ड्रॉइंगचं टेबल शांत असतं, फक्त यूपीएस धड हवा, नाहीतर वीज गेली की काम गेलं. नवीन कामं नव्यात, चालू कामं जुन्यातच संपवायची, चवथीच्या सुट्टीपर्यंत दोन्ही चालू आणि सुट्टीनंतर जुन्याची एकच सीट. त्या एका सीटचं भाडं अजून एक वर्ष भरलं, जड वाटलं पण अर्धं झालेलं काम मध्येच नव्यात नेलं की बिलात आणि साइटवर दोन वेगळे प्लॅन फिरतात, तो घोळ भाड्यापेक्षा महाग.

बाहेर पाठवताना फाइल कुठल्या व्हर्जनला सेव्ह होतेय ते बघत चला. आम्ही २०१८ चा डीडब्ल्यूजी फॉरमॅट ठरवलाय, पण म्हापशाच्या एका कॉन्ट्रॅक्टरचं मशीन एवढं जुनं की त्याला २०१३ चा लागतो. हे त्याने सांगितलं नाही, तीन दिवस फाइल उघडत नाही म्हणून गप्प बसला होता आणि मागच्याच वर्षीच्या प्लॅनवर खड्डे मारत होता. आता फाइलबरोबर पीडीएफ जाते आणि "उघडली का?" असा एक फोन.