देशाचं नाव कुठून आलं ते कसं शोधायचं? नेदरलँड्स, हॉलंड, डच आणि आपले वलंदेज

८ नोव्हेंबर २०२३ ला आपल्या पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमवर इंग्लंड विरुद्ध नेदरलँड्स अशी वर्ल्ड कपची मॅच झाली, आणि तेव्हापासून हा प्रश्न सारखा कानावर येतो, की टीम नेदरलँड्सची, खेळाडूंना म्हणायचं डच, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात हॉलंड, मग खरं नाव कुठलं? कुणाला शाळेच्या प्रोजेक्टसाठी हवं असतं, कुणाला दिवाळी अंकातल्या लेखासाठी. तर हे शोधायचं कसं ते नीट सांगते, देश म्हणून नेदरलँड्सच घेऊ, कारण त्याच्यात सगळ्या प्रकारची नावं सापडतात आणि एक तर थेट आपल्या जुन्या कागदांत आहे.

सगळ्यात आधी एकच बघायचं, तिथले लोक स्वतःच्या देशाला काय म्हणतात. इंग्रजी नाव बाजूला ठेवा. ते म्हणतात नेडरलांट, म्हणजे खालची जमीन, सखल प्रदेश. ऱ्हाईन आणि म्यूज नद्या समुद्राला मिळतात तिथला हा सपाट भाग, आणि आजही देशाचा साधारण २६ टक्के भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे, त्यामुळे नाव आणि जमीन दोन्ही जुळतात. असं जुळलं की पहिली पायरी पक्की.

मग विकिपीडियावर त्या देशाचं पान उघडा आणि बाकीच्या भाषांची यादी बघा, आणि नुसती वाचू नका, वहीत गठ्ठे करा. पहिला गठ्ठा अर्थाचं भाषांतर करणाऱ्यांचा: फ्रेंच पेई-बा, स्पॅनिश पाइसेस बाखोस, इटालियन पाएझी बास्सी, चेक निझोझेम्स्को, सगळ्यांचा अर्थ सखल देश. दुसरा गठ्ठा हॉलंड ऐकून घेतलेल्यांचा: हंगेरियन होलांदिया, अरबी हूलंदा, चिनी हलान, जपानी ओरांदा, इंडोनेशियातलं बेलांदा. तिसऱ्या गठ्ठ्यात आपण आणि इंग्रज, म्हणजे मूळ नाव जवळपास उच्चारासकट उचलणारे. गठ्ठे झाले की आपोआप प्रश्न पडतो की दुसरा गठ्ठा एवढा मोठा का, आणि खरी मजा इथूनच सुरू होते.

हॉलंड हा त्या देशाचा फक्त एक भाग, आज त्याचे उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड असे दोन प्रांत आहेत, एकूण बारापैकी दोन. पण ॲमस्टरडॅम त्यात, रॉटरडॅम त्यात, पैसा त्यात आणि जहाजंही बरीचशी तिथूनच सुटायची. १६०२ साली त्यांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली आणि जगभरच्या बंदरांवर जो खलाशी उतरला तो हॉलंडचा, म्हणून लोकांनी अख्ख्या देशाला तेच नाव दिलं. शिवाय १८०६ ते १८१० नेपोलियनचा भाऊ लुई तिथे राजा होता आणि त्या काळात राज्याचं अधिकृत नावच हॉलंड होतं, त्यामुळे हॉलंड म्हणणाऱ्याला अगदीच चूक ठरवू नका. आता मात्र २०२० पासून तिथल्या सरकारने बाहेरच्या प्रचारात हॉलंड वापरणं थांबवलंय.

इथे एक सावधगिरी. ऐकायला गोड वाटणारी व्युत्पत्ती लगेच उचलू नका. हॉलंड म्हणजे पोकळ जमीन, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडेल, आणि देश सखल असल्यामुळे ते पटतंही चटकन. पण जुन्या कागदांत रूप आहे होल्टलांट, होल्ट म्हणजे लाकूड, झाडी, म्हणजे झाडीचा मुलूख. अर्थ पटतो का यापेक्षा जुनं लिखित रूप काय आहे हे आधी बघायचं, हा नियम कुठल्याही नावाला लावा, अगदी आपल्या गावांच्या नावांनाही.

डच शब्दाचं काम वेगळं. तो देशाचा शब्दच नाही, लोकांचा आणि भाषेचा आहे. मुळात अर्थ सामान्य लोकांची भाषा, आणि जर्मन लोकांचा डॉइच हा त्याचाच सख्खा भाऊ. इंग्रजांनी सतराव्या शतकापासून तो शेजारच्या नेदरलँड्सच्या लोकांपुरता ठेवला. म्हणून अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया डच लोकांबद्दल वाचाल तर गोंधळू नका, ते मूळचे जर्मन बोलणारे.

आता आपल्या कागदांकडे या, आणि ही पायरी कृपा करून गाळू नका, मराठीत लिहिणारे बहुतेक जण इथपर्यंत येतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, १७१५ च्या सुमाराचं, म्हणजे मराठी राज्यकारभारावरचा ग्रंथ, त्यात टोपीकर म्हणजे युरोपातल्या सावकारांची नावं येतात: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. फिरंगी म्हणजे इथे पोर्तुगीज, फरासीस म्हणजे फ्रेंच, डिंगमार म्हणजे डेन्मार्कचे लोक. आणि वलंदेज म्हणजे डच! हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, त्यांच्या भाषेत हॉलंडचा माणूस तो होलांदेझ, पण सुरुवातीचा ह ते उच्चारत नाहीत, म्हणून ऐकू येतं ओलांदेझ, आणि आपल्या तोंडी ओ चा व झाला. इंग्रज शब्दसुद्धा असाच पोर्तुगीज वाटेने आलाय. बंगालीत हेच लोक ओलंदाज झाले. जपानचं ओरांदा पण पोर्तुगीजांमुळेच, आणि १६४१ नंतर नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच व्यापारी राहिले, त्यांच्याकडून जपान्यांनी जी युरोपची विद्या शिकली तिला नाव पडलं रानगाकु, त्यातला रान हा ओरांदातला. म्हणजे नाव बघितलं की आधी विचारायचं, हे आपल्याला सांगितलं कुणी? देशाने स्वतः, शेजाऱ्याने, की मधल्या व्यापाऱ्याने?

पुण्यात असाल तर हे तपासणं सोपं आहे. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश बघा, शब्दापुढे मूळ भाषा कंसात दिलेली असते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश ऑनलाइन शोधता येतो. जुनी पत्रं बघायची असतील तर सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० पासूनचं, आधी फोन करून वेळ विचारा आणि कुठला काळ, कुठली नावं शोधताय ते कागदावर लिहून न्या. एकाच शब्दाची दोन-तीन स्पेलिंगं धरून शोधा, कारण मोडीतून उतरवताना रूपं बदलतात.

शेवटी लिहिताना काय वापरायचं. देशाला नेदरलँड्स, आणि मराठीत ते एकवचनच धरायचं, नेदरलँड्स जिंकला, नेदरलँड्सने टॉस घेतला. लोक, भाषा, चीज सगळं डच. हॉलंड फक्त त्या दोन प्रांतांसाठी किंवा १८०६ ते १८१० च्या राज्यासाठी. आणि किंग्डम ऑफ द नेदरलँड्स म्हटलं की त्यात अरुबा, क्युरासाओ आणि सिंट मार्टेनही येतात, त्यामुळे नुसत्या युरोपातल्या देशाबद्दल लिहिताना ते नाव टाळा.

वेंगुर्ल्याच्या डच वखारीबद्दल किंवा शिवकाळाबद्दल लिहीत असाल तर बिनधास्त वलंदेज लिहा, पहिल्यांदा येईल तिथे "वलंदेज म्हणजे डच" एवढं सांगा आणि पुढे लेखभर तोच शब्द ठेवा, मधेच डच मधेच हॉलंडकर असं करू नका, वाचणाऱ्याला तीन वेगळे लोक वाटतात.